पंधरा दिवसांत नेपाळच्या बायका सक्षम कशा कराव्यात

आधी देश निवडा. गडचिरोली चालणार नाही. पाळीच्या दिवसांत बाईनं घराबाहेरच्या झोपडीत राहायचं, ही रीत तिथल्या माडिया गावांतही आहे, त्या झोपडीला कुर्माघर म्हणतात, सगळं मान्य. पण गडचिरोलीला एसटी जाते. जिथं एसटी जाते तिथल्या कामाला ‘इंटरनॅशनल व्हॉलंटिअरिंग’ म्हणता येत नाही.

म्हणून नेपाळ. व्हिसा लागत नाही, आपल्या शंभराचे तिथं १६० होतात, आणि लिपी देवनागरी असल्यामुळे भाषा शिकायची गरज नाही असा समज करून घेता येतो. घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढे करावं लागेल. तिथल्या बायका आपल्यापेक्षा कशात पुढे असतील तर एवढ्यातच, असं धरून चला.

अर्जात ‘छाउपडी’ हा शब्द हवाच. पाळी आलेल्या बाईला गोठ्यात किंवा झोपडीत पाठवायची ही प्रथा. बाईला तसं करायला लावणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ३००० रुपये दंड अशी शिक्षा नेपाळच्या संसदेनं २०१७ मध्ये मंजूर केली, आणि तरीही प्रथा पुरती गेलेली नाही. ती आहे मुख्यतः सुदूर पश्चिमेला, अछामच्या बाजूला. तुम्ही राहणार पोखऱ्याला, कारण फेवा तलाव पोखऱ्याला आहे, आणि सकाळी खिडकीतून माछापुच्छ्रे शिखर दिसतं. तेव्हा छाउपडीविरुद्धची जागृती पोखऱ्याजवळच्या गावातच उरकून घ्या. बायका मान डोलावतील. पाहुण्याचं मन मोडू नये, एवढं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

एखादीनं ‘तुमच्याकडे कसं असतं?’ असं विचारलंच, तर कावळ्याला मध्ये आणू नका. आपल्याकडे सत्यनारायणाच्या आधी गोळी घेऊन तारीख पुढे ढकलतात. त्याला विज्ञान म्हणतात.

कार्यशाळा जूनच्या शेवटी ठेवा, तुम्हाला रजा तेव्हाच मिळते. त्यांच्याकडे तेव्हा असार महिना असतो, म्हणजे भातलावणी. असार १५ हा तर लावणीचा सणच, दही-चिउरा खायचा आणि चिखलात उतरायचं. घरचे पुरुष कतारला नाहीतर मलेशियाला, त्यामुळे रोपं, म्हैस, म्हातारी आणि मुलांची शाळा एकाच बाईकडे. अशा बाईला अकरा ते एक ‘वेळेचं नियोजन’ शिकवा. मग ‘टीमवर्क’चा खेळ घ्या, गोल उभं करून दोरीचा गुंता सोडवायला लावा. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, असं काम फेडायची त्यांची जुनी रीत आहे, तिला पर्म म्हणतात. कोकणातली सावड म्हणा ना. पण त्यात दोरी नसते.

खेळानंतर कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून दोन मिनिटं उभं राहायला सांगा, आत्मविश्वास वाढतो. कपाळाला पट्टा लावून गवतानं भरलेला डोको, म्हणजे बांबूची टोपली, पाठीवर घेत चढ चढणाऱ्या बायकांना सरळ उभं राहायची तेवढीच संधी.

बोला हिंदीतून. मालिका बघून त्यांना हिंदी समजते. तुम्हाला नेपाळी समजत नाही. दोघींपैकी अडाणी कोण, हा प्रश्न अर्थातच उपस्थित करू नका. दुभाषी म्हणून नववीतली एखादी मुलगी घ्या. तुम्ही आठ मिनिटं बोलाल, ती एका वाक्यात सांगेल आणि सगळ्या हसतील. ते वाक्य काय होतं, हे विचारायचं नसतं.

पहिल्या रांगेत निळ्या साडीतली एक बाई असेल. तिच्यापासून जरा जपून. ती महिला स्वास्थ्य स्वयंसेविका. ही योजना १९८८ पासून चालू आहे, आणि देशभरात तिच्यासारख्या सुमारे ५०,००० जणी आहेत. वर्षातून दोनदा वाडीतल्या लहान पोरांना व्हिटॅमिन ‘अ’च्या कॅप्सूल पाजायच्या, जुलाब लागलेल्याला जीवनजलाची पुडी द्यायची, दिवस गेलेल्या बाईला तपासणीला घेऊन जायचं, आणि हे पायी, चढउतारावर, पगाराशिवाय. म्हणजे स्वयंसेविका तीही आणि तुम्हीही. फरक इतकाच की तुम्ही पंधरा दिवसांचे पैसे भरून आलात आणि तुमचं प्रमाणपत्र लॅमिनेट होणार आहे. तिला ‘समाजासाठी मी काय करू शकते?’ हा तक्ता भरायला द्या. ती भरेल. अक्षर तुमच्यापेक्षा बरं असेल, तेवढं सोसा.

तिच्या शेजारी बसलेली कदाचित वॉर्ड सदस्य निघेल. नेपाळात वॉर्डाच्या चार सदस्यांत दोन बायका असाव्याच लागतात, आणि त्यांतली एक दलित. ‘नेतृत्व म्हणजे काय’ हे सत्र तिच्यासमोर घेताना आपण शाळेत मॉनिटर होतो, हा अनुभव आवर्जून सांगा.

शेवटच्या संध्याकाळी आमा समूह, म्हणजे गावातल्या आयांचा गट, तुमच्या निरोपाला मादल वाजवून नाचेल. तुम्हीही नाचा, व्हिडिओ तोच चालतो. मग थाळी फिरेल. अशाच पैशांतून त्यांनी पायवाटेला दगड बसवलेत, ज्यांवरून तुम्ही रोज घसरत आलात. दोन हजार टाका, नेपाळी. गटाची खजिनदार वहीत नाव लिहून घेईल. आर्थिक साक्षरतेचं सत्र तुम्ही सकाळीच तिला दिलेलं असतं, तेव्हा श्रेय घ्यायला हरकत नाही.

पुण्यात परतल्यावर ‘माझं स्वप्न, माझी भरारी’ हा चार्ट हॉलमध्ये लावा. सोमवारी कामाच्या मावशी येतील आणि म्हणतील, आज लवकर जाते, बचत गटाची मीटिंग आहे, हप्ते गोळा करायचेत. त्यांना दोन मिनिटं थांबवून चार्ट दाखवाच.

“ताई,” त्या विचारतील, “हा ठेवायचाय की रद्दीत घालू?”