‘सोलापुरात आता चेटकीण कोण मानतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या चेटकिणीवरच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चेटकीण आता शाळेच्या गॅदरिंगमध्ये टोकदार टोपी घालून झाडू मिरवते, पोरं हसतात, मग 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं तुणतुणं कशाला?

टोपी आणि झाडू युरोपातून आले, त्यांना इथे कधीच कोणी घाबरत नव्हतं. इथली भीती ‘करणी’ची. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे तिलाच बाणामती म्हणतात. ‘चेटकीण’ हा शब्द मागे पडला, पण ‘तिनंच काहीतरी केलंय’ हे वाक्य शाबूत आहे. आणि देवऋषी फार हुशार असतो. तो नाव घेत नाही. ‘उत्तरेच्या घरातली, एकटी, केस पिकलेली’ एवढंच सांगतो, नाव घरचे लावतात.

कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरणारे 12 प्रकार आहेत. करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं म्हणून किंवा तसा नुसता समज पसरवून एखादीचं जगणं मुश्कील करणं हा त्यातलाच एक. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 ते 50 हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तक्रार फसते ती लिहिण्यात. ‘मला चेटकीण म्हणाले’ एवढंच लिहिलं की पोलीस ठाण्यात शेजारणींचं भांडण म्हणून एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होते. ‘जगणं मुश्कील’ कागदावर दिसायला हवं: कोणत्या तारखेपासून नळावर पाणी भरू दिलं नाही, विड्या वळायला शेजारी बसणाऱ्या कधी उठून गेल्या, भिशीतून नाव कधी काढलं. बोललेले शब्द जसेच्या तसे, मग ते तेलुगूत असोत की कन्नडमध्ये, ऐकणाऱ्यांची नावं, देवऋषीचं ते वर्णनसुद्धा. व्हॉइस मेसेज ज्या फोनवर आला त्यातून पुसू नका, पुढे पाठवलेली प्रत पुरावा म्हणून कच्ची पडते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या आणि त्यात 2013 चा कायदा लावलाय का ते तिथेच वाचा. नसेल तर या कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा. तो किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो.

तुमची एक दुरुस्ती मात्र बिनशर्त मान्य. हडळ आणि चेटकीण यांची मी लेखात सरमिसळ केली होती. उलट्या पायांची हडळ मेलेली असते. चेटकीण ठरवली जाते ती शेजारची जिवंत बाई. ते वाक्य आजच बदललंय.