घोडा ताणून उभा राहिला म्हणजे लघवी तुंबली असं नाही
माथेरानला माझ्या मामाचा घोडा आहे. २२ वर्षांचा, खच्ची केलेला. गेल्या आठवड्यात रात्री मामाचा फोन आला, "खायचा सोडा अर्धा किलो एकदम पाजू की दोनदा?" घोडेवाल्यांत फिरणारा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला होता: म्हाताऱ्या घोड्याची लघवी गढूळ म्हणजे किडनीत पू; पाय ताणून उभा राहिला म्हणजे लघवी तुंबली; शिश्नाच्या टोकाशी मळाचा खडा होतो, तो साफ करा; सोडा आणि बियर पाजा, लघवीचं इंजेक्शन मारा, डॉक्टर नको.

सगळ्यात घातक आहे ते ताणून उभं राहणं. बहुतेक वेळा ती पोटातली कळ असते. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, चारा नीट चावला जात नाही, थंडीत तो पाणी कमी पितो आणि लीद आतड्यात अडकते. अशा घोड्याच्या अंगात आधीच पाणी कमी असतं. त्यात लघवीचं इंजेक्शन मारलं की उरलेलं पाणीही जातं, आणि सोबत दुखण्यावरचं फिनाइलब्युटाझोन दिलेलं असेल तर किडनी खरोखर निकामी होऊ शकते. बाटलीने पाजलेली बियर फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया. मी मामाला म्हटलं, काहीही पाजू नकोस, डॉक्टरांना बोलाव. डॉक्टर गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून चालत वर आले, गुदद्वारातून हात घातला: मूत्राशय जवळपास रिकामं, आतड्यात घट्ट गोळा. नाकातून नळी घालून पाणी दिलं. सकाळी घोड्याने लीद टाकली.

गढूळपणाचं सांगते. घोडा चाऱ्यातलं जादा कॅल्शियम लघवीतून टाकतो, म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण आणि चिकट स्राव असतोच. जगभरचे पशुवैद्य वापरतात त्या मर्क व्हेटरिनरी मॅन्युअलमध्येही हे निरोगी घोड्याचंच लक्षण म्हणून दिलंय. मामाला बरणीत लघवी धरायला लावली. तासाभराने तळाशी पांढरट गाळ बसला. वरचं ओतून गाळावर लिंबू पिळलं, तर बुडबुडे आले, म्हणजे त्यात कार्बोनेटच होतं. पू आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, नुसतं बघून नाही.

सोड्याचं तर सांगायलाच नको. घोड्याची लघवी मुळात सोड्यासारखीच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, आणि मूतखडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे. सोड्याने ते विरघळत नाहीत. घोड्याने मेहनतीचं काम केल्यावर लघवीत रक्त दिसलं, थेंब थेंब लघवी होऊ लागली, तर खडा असू शकतो. तो हाताने तपासून, सोनोग्राफी किंवा दुर्बिणीने सापडतो आणि बहुतेकदा काढावाच लागतो.

मेसेजमधली एक गोष्ट मान्य करावी लागेल: शिश्नाच्या टोकाशी साचणारा मळाचा खडा. खच्ची घोड्यात तो लघवीची धार अडवू शकतो, कोमट पाण्याने साफ करणं बरोबर. म्हातारा घोडा फार पाणी पितो, फार मुततो हेही दुखणं असू शकतं, पण अंगावरचे लांब केस उन्हाळ्यातही झडत नसतील तर रोग मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा असण्याची शक्यता मोठी. त्याची रक्ततपासणी आहे, पर्गोलाइड नावाचं औषध आहे. अर्धा किलो सोडा त्यात कुठेच नाही.