नदीपात्रात राडारोडा टाकणाऱ्यांना कोणी हात लावणार आहे की नाही?

रात्री पुन्हा डंपर आले. नंबरप्लेटवर चिखल थापलेला, दिवे बंद. पुण्यात मुठा नदीच्या काठच्या कच्च्या रस्त्याने आत घुसले आणि हौदा वर करून धडाधड ओतून गेले. सकाळी जाऊन बघितलं तर फुटक्या फरशा, प्लास्टरचे पोपडे, संडासाचं भांडं, सळया ओढून घेतलेलं काँक्रीट. कुठलीतरी जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्या भिंती आमच्या नदीत आल्या!

लोक म्हणतात, घाण टाकतात. अहो, नुसती घाण नाही, हा भराव आहे. आधी चार खेपा पडतात, मग जेसीबी फिरतो, वर मुरूम पडतो, मग पत्र्याची शेड उभी राहते. ढळढळीत जमीन तयार केली जाते, तीही पूररेषेच्या आत, म्हणजे पुराचं पाणी जिथवर चढू शकतं त्या हद्दीत.

मुठेची निळी पूररेषा ६०,००० क्युसेकवर (सेकंदाला इतके घनफूट पाणी) आखलेली आहे, म्हणजे एवढं पाणी आलं तर ते कुठवर चढेल ती रेषा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून साधारण ३५,००० क्युसेकच सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं. पाऊस प्रचंड होता, इशारा वेळेवर मिळाला नाही, सगळं मान्य. पण पात्रच अरुंद करून ठेवलंय, त्याचं काय? पाण्याने जायचं कुठून?

बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत. वाघोलीला त्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. पण तिथवर न्यायचं म्हणजे डिझेल जळतं, पैसे पडतात. नदी जवळ आणि फुकट! ठेकेदाराचे वाचलेले पैसे तळमजल्यावरची बाई भरते, भिजलेल्या गाद्या आणि बंद पडलेला फ्रिज रस्त्यावर काढून.

तक्रार केली की हद्दीचा वाद सुरू. एक खातं म्हणतं जागा दुसऱ्याची, दुसरं म्हणतं पहिल्याची. फोटो पाठवले, तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. ढीग जागच्या जागी! डोकं फिरतं अक्षरशः.

ड्रायव्हरला पकडून काय होणार, त्याला खेपेमागे पैसे मिळतात. बिल्डरला धरा. पाडकामाचा राडारोडा प्रकल्पावर पोचल्याची वजनपावती दाखवल्याशिवाय पुढची परवानगी देऊच नका. डंपर जप्त करा. आणि आत्तापर्यंतचा भराव पावसाळ्याआधी उचला, टाकणाऱ्यांच्याच खर्चाने.