रिकाम्या खाटेचं भाडं

परवा मालवणहून मावसभाऊ आला होता. पडवीत बसून आम्ही फणस फोडत होतो. त्याच्या मोबाइलवर कुठल्याशा तुरुंगातल्या गर्दीची बातमी चालू होती. गरा तोंडात ठेवूनच तो म्हणाला, "ताई, सरकाराक ह्यातला काय्येक जमणा नाय. जेलांय कंपनीक देऊन टाकूक व्हयी. स्वस्तात काम होतला."

हाताला चीक लागलेला असताना माणसाने वाद घालू नये, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता हात धुऊन लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माझी नोकरी ऑडिटमधली. सत्तावीस वर्षं हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि देयकं बघण्यात गेली. 'स्वस्तात काम' हे शब्द कानावर पडले की माझा हात अजून आपोआप लाल पेनाकडे जातो. एकच हजेरीपट सांगते. एका सरकारी दवाखान्यात सफाईचा ठेका दिलेला होता. चौदा माणसं, तीन पाळ्या, महिनाअखेरीस देयक. कागद इतके स्वच्छ की कुठे खाडाखोड नाही. मी भाद्रपदाचं पान उघडलं आणि हसूच आलं. गणेश चतुर्थीच्या दिवशी चौदापैकी चौदा हजर! रत्नागिरी जिल्ह्यात! अहो, त्या दिवशी आमच्याकडे कलेक्टरच्या बंगल्यावरचा शिपाईसुद्धा घरी मखरासमोर असतो. मग मी सह्या नीट बघितल्या. सगळ्यांची वळणं वेगवेगळी काढली होती, शाई मात्र एकच आणि दाबही एकच.

पण खरी गोष्ट मला कागदाने सांगितली नाही. वॉर्डात एका पेशंटची आई होती, आठ दिवस मुलाच्या उशाशी बसलेली. मी सहज विचारलं तर म्हणाली, "रात्री येकच बाय असते वो, तीपण बारापर्यंत." संपला विषय. अर्धसमास पत्र (म्हणजे ऑडिटची लेखी विचारणा) काढलं, वसुली लागली, मग अनुपालन (म्हणजे त्यांचं उत्तर) आलं, मग पुन्हा आक्षेप. तो शक, म्हणजे आमचा आक्षेप, माझ्या निवृत्तीपर्यंत प्रलंबितच होता. असो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुरुंगात वॉर्डाच्या खुर्चीत बसलेली आई नसते. जो रात्रभर जागा असतो आणि ज्याला पहारेकरी आला की नाही हे पक्कं ठाऊक असतं, त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो कैदी. एसटीचं काम खराब झालं तर आपण वडापने जातो. कैद्याला दुसरा तुरुंग निवडता येत नाही. ठेकेदाराला गिऱ्हाईक जाण्याची भीतीच नाही. पैसे देणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा.

भारतात अजून खाजगी तुरुंग नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे आणि तो राज्य सरकारंच चालवतात. पण अमेरिकेत १९८३ साली टेनेसी राज्यात या धंद्याची पहिली मोठी कंपनी निघाली, पुढे ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटननेही ठेके दिले. म्हणजे चाळीस वर्षांचे हजेरीपट बघायला उपलब्ध आहेत. मी निवृत्तीनंतर फावल्या वेळात तेच वाचत बसते. (घरचे म्हणतात, त्यापेक्षा लोणची घाल.)

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं प्रकरण बघा. तिथला मोठा तुरुंग टेनेसीतल्या त्याच कंपनीकडे होता. आत मारामाऱ्या इतक्या की कैदी त्याला 'ग्लॅडिएटर स्कूल' म्हणत. करारात कुठल्या पाळीला किती पहारेकरी हवेत हे लिहिलेलं. २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केलं की २०१२ मधल्या सात महिन्यांत सुमारे ४,८०० तासांची हजेरी खोटी दाखवली होती. माणूस जागेवर नव्हता, कागदावर होता. काही पहारेकरी सलग अठ्ठेचाळीस तास ड्युटीवर दाखवले होते. हे वाचलं आणि मला आमची चतुर्थी आठवली. शेवटी २०१४ साली राज्याने तो तुरुंग आपल्या ताब्यात घेतला.

ब्रिटनमधला प्रकार तर आमच्या खात्यात सांगितला असता तर चहाच्या सुट्टीत तासभर पुरला असता. तिथे सुटलेल्या किंवा जामिनावरच्या माणसांच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा घालतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम जीफोरएस आणि सेर्को या दोन कंपन्यांकडे होतं. २०१३ मध्ये न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी संसदेत सांगितलं की या कंपन्यांनी अशा माणसांचंही बिल लावलं होतं जे पुन्हा तुरुंगात गेले होते, देश सोडून गेले होते, आणि काही तर मेलेले होते. मेलेल्याच्या पायातल्या पट्ट्यावर लक्ष ठेवल्याचे पैसे! सेर्कोने ६.८५ कोटी पौंड परत केले, जीफोरएसने जवळपास ११ कोटी. आणि हे कुठे, तर जिथे ऑडिटची परंपरा आपल्याहून जुनी आहे.

भावाचं म्हणणं होतं, "देखरेख ठेवली की झाला." देखरेख ठेवायची तर माणूस ठेवावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि तो पगार 'स्वस्तात काम' या हिशोबात कोणी धरत नाही. ब्रिटनमध्ये कायद्यानेच प्रत्येक खाजगी तुरुंगात सरकारचा एक अधिकारी कायम बसतो. शिवाय तुरुंगांची स्वतंत्र तपासणी यंत्रणा आहे आणि तिचे अहवाल जाहीर होतात. त्यामुळे तिथले काही खाजगी तुरुंग बरे चाललेत, हेही मान्य करते. तरीसुद्धा २०१८ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग सरकारला जीफोरएसकडून काढून घ्यावा लागला. तपासणी पथक आत असतानाच कर्मचाऱ्यांच्या बंदिस्त वाहनतळात गाड्या जाळल्या गेल्या होत्या. सरकारी अधिकारी आत बसलेला असून ही गत.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ठेक्यावरच्या चौदा तुरुंगांचा अहवाल काढला. बहुतेक बाबतींत सुरक्षेचे प्रकार सरकारी तुरुंगांपेक्षा तिथे दरडोई जास्त निघाले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. देखरेखीला जाणाऱ्यांच्या हातात जी तपासणीची यादी होती, तिच्यात कैद्याला मूलभूत औषधोपचार खरंच मिळाले का, हे पडताळायचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे टिकमार्क नाही, टिकमार्क नाही म्हणजे आक्षेप नाही. सगळं 'नियमानुसार'.

योगायोग असा की त्याच ऑगस्टच्या दोन तारखेला रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला. पूल मे महिन्यात तपासलेला होता आणि वाहतुकीला योग्य होता, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. कोकणातल्या माणसाला तपासणी झालेली असणं आणि तपासलेलं असणं यातला फरक अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

आता पैशाकडे येते. इथे भावाला गप्प करायला मला अमेरिकेत जावंच लागत नाही, गुहागरला गेलं तरी पुरे. दाभोळचा वीज प्रकल्प आठवतो ना? अंजनवेलच्या डोक्यावरचा, एन्रॉनचा. १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाने करार केला. त्यातली मेख अशी की वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्प तयार उभा आहे त्याचे ठरलेले पैसे द्यायचेच. वर राज्याची हमी, त्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९९ ला वीज सुरू झाली. पुढच्या वर्षी काही महिने युनिटचा दर सात रुपयांच्याही वर गेला, कारण वीज कमी उचलली तरी ठरलेला आकार तेवढाच आणि तो थोड्या युनिटांवर पडायचा. २००१ मध्ये मंडळाने हात टेकले. आमच्या ऑफिसात तेव्हा एकजण म्हणायचा, लग्नाला दोनशे पानं सांगितली आणि वऱ्हाड पन्नासच आलं, तरी आचारी दोनशेचेच पैसे घेणार. फक्त इथे लग्न वीस वर्षं चालायचं होतं.

खाजगी तुरुंगांच्या करारांत हेच कलम असतं. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासगटाने बासष्ट करार तपासले. त्यातल्या एक्केचाळीस करारांत खाटा भरलेल्या राहतील याची हमी सरकारने दिली होती, ऐंशी टक्क्यांपासून ते शंभर टक्क्यांपर्यंत. शंभर टक्के अॅरिझोनात. म्हणजे गुन्हे कमी झाले, कैदी कमी झाले, तर आनंद मानायचा सोडून रिकाम्या खाटेचं भाडं भरायचं. ज्या राज्याने असा करार केलाय तिथल्या अधिकाऱ्याला जामीन वाढवायची, लोकांना लवकर सोडायची हौस कुठून येणार?

याच अॅरिझोनात आणखी एक गंमत झाली. खाजगी तुरुंग स्वस्त पडतात का, याची तुलना करायची असा तिथे कायदा होता. तुलना केली तर मध्यम सुरक्षेच्या कैद्यांसाठी खाजगी तुरुंग उलट महाग निघाला. त्यातही कंपन्या फार आजारी कैदी घेत नसत, म्हणजे दवाखान्याचा मोठा खर्च सरकारच्याच गळ्यात राहायचा. यावर विधिमंडळाने काय करावं? २०१२ मध्ये तुलना करण्याची अटच काढून टाकली. मी हे वाचून चष्मा काढून ठेवला आणि जरा बाहेर जाऊन आले.

बचत येते कुठून, हेही साधं आहे. तुरुंगाचा सर्वांत मोठा खर्च पगारांचा. कंपनीला सरकारपेक्षा कमी दर लावून वर नफाही काढायचा असेल तर माणसं कमी करायची, किंवा पगार कमी द्यायचा, किंवा दोन्ही. पगार कमी तर माणूस टिकत नाही, रोज नवा पहारेकरी. आणि मग आयडाहोचा हजेरीपट.

भावाने मला तिथेच विचारलं होतं, "मग सरकारी जेलां काय सोन्याची आसत?" नाहीत ना! २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि आत माणसं ५,७३,२२०. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. आणि त्यांतले पाऊण कच्चे कैदी, ज्यांचा खटलाच संपलेला नाही. कित्येकजण जामीन होऊनही आत असतात, कारण जातमुचलका भरायला पैसे नाहीत की हमी राहायला कोणी नाही. खलाशी, आंब्याच्या बागेतला मजूर, चिऱ्याच्या खाणीवरचा कामगार, यांच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभा राहणार?

म्हणून माझं म्हणणं, खर्च कमी करायचा तर इथून सुरू करा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ कलमाप्रमाणे पहिल्यांदाच सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. २०२३ पासून गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची मदत योजना आहे, सुरुवातीला कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत होती. हे नीट राबवलं तर एकही वीट न रचता जागा होते. आणि नेमकं हेच काम कोणतीही कंपनी कधी करणार नाही, कारण तिच्या ताळेबंदात सुटलेला कैदी म्हणजे बुडालेलं भाडं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात तर दोन न्यायाधीशांनी खाजगी बालसुधारगृहांच्या व्यवहारात लाखो डॉलर खाल्ले आणि किरकोळ कारणांवरून पोरं आत पाठवली. नंतर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो मुलांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये खाजगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. माणसाला कोंडण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला देणं म्हणजे त्या माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का, असं त्यांचं म्हणणं. खर्चाचा मुद्दा त्यांनी त्याखाली धरला. मला तो मोजल्याशिवाय राहवत नाही, सवयीचा दोष.

हवाई बेटांचं मात्र वाचलं आणि झोप लागली नाही. आपल्यासारखीच समुद्राकाठची माणसं. तिथे जागा नाही म्हणून १९९५ पासून कैदी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवतात. आज शेकडो हवाईयन कैदी अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या खाजगी तुरुंगात आहेत, घरापासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब. स्वस्त पडतं म्हणे. भेटायला कोण जाणार?

मागच्या महिन्यात बँकेच्या कामाला जाताना जेल नाक्यावर एक बाई दिसली. दापोलीकडची. पहाटेच्या एसटीने निघालेली, तुरुंगातल्या मुलाच्या भेटीसाठी. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात घडी घातलेला शर्ट. मला परतीच्या गाडीची वेळ विचारत होती. मी सांगितली आणि म्हटलं, एवढ्या लांबून येता दर वेळी?

"यायला नको?" ती म्हणाली. "मागल्या खेपेला खोकत होता. गेला की नाय तो खोकला, ते बघायला हवा ना."