उलटा वाळत घातलेला ट्रॅकसूट

माझ्या पाठीवर तीन वर्षं 'कर्नाटक' लिहिलेलं होतं. आम्ही बेळगावचे. घरात मराठी, गल्लीत मराठी, अण्णा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्यांचे, जुने कार्यकर्ते. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनेदिवशी, निषेधाच्या काळ्या दिनाची फेरी निघते, त्या फेरीत लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून जायचे. पुढे शाळेतून ज्युडोला लागले, राज्याच्या संघात निवड झाली आणि तो ट्रॅकसूट घरात आला. अण्णा काहीच बोलले नाहीत. फक्त धुतल्यावर तो दोरीवर उलटा वाळत घालायचे. आईनं विचारलं तर म्हणायचे, "उन्हानं रंग उडतोय गं."

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या रविवारी घरच्या साखरपुड्यात जेवणाची पंगत उठायच्या आत भाच्यानं मोबाइल पुढं केला. त्यात एक ज्युडोपटू. "तीन देश फिरलाय बघ आत्ती. असला कसला खेळाडू? गद्दार की." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. जेवण जड झालं होतं म्हणून तिथं गप्प बसले, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगते.

तो खेळाडू म्हणजे सईद मोल्लाई. मूळचा तेहरानचा. २०१८ साली बाकूला ८१ किलो गटात इराणकडून जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये जागतिक स्पर्धा होती आणि हा जेतेपद राखायला उतरला. त्याच गटात इस्रायलचा सागी मुकी होता. इराणी खेळाडूनं इस्रायलीसमोर उभं राहायचं नाही, हा तिथला दंडक. दोघंही जिंकत चालले होते, म्हणजे फायनलला गाठ पडणार हे दिसत होतं. मग फोन सुरू झाले. आंतरराष्ट्रीय महासंघानं नंतर सगळं जाहीर केलं. माघार घे म्हणून क्रीडा खात्यातून आणि ऑलिंपिक समितीकडून दबाव आला, आणि तिकडं त्याच्या आईवडिलांच्या घरी सुरक्षा दलाची माणसं जाऊन पोचली. सेमीफायनलला तो बेल्जियमच्या माथियास कासकडून हरला, मग ब्राँझची लढतही हरला. फायनल मुकीनं जिंकली.

मोल्लाई परत गेलाच नाही, जर्मनीला गेला. त्या डिसेंबरात मंगोलियानं त्याला नागरिकत्व दिलं. इराणच्या ज्युडो संघटनेवर पुढं चार वर्षांची बंदी आली. आणि २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये, त्याच बुदोकानमध्ये, तोच माणूस पाठीवर मंगोलियाची अक्षरं घेऊन उतरला आणि रौप्य घेऊन गेला. फायनलला जपानचा नागासे भारी पडला. ज्या हॉलमध्ये हरायला लावलं, त्याच हॉलमध्ये दोन वर्षांनी पदक. याला गद्दार म्हणणाऱ्यानं एकदा सांगावं, गद्दारी केली कुणी? ज्यानं खेळायचं म्हटलं त्यानं, की ज्यांनी हर म्हणून फोन केले त्यांनी?

पण थांबा, मीसुद्धा काही एवढी मोठ्या मनाची नाही. २०२२ साली तो मंगोलिया सोडून अझरबैजानकडं गेला, तेव्हा मलाही खटकलं होतं. अरे, ज्यांनी अडचणीत पासपोर्ट दिला त्यांचं काय? एक बदल आपण माफ करतो, दुसऱ्याला भुवया वर जातात. का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. हे मी आईला बोलून दाखवलं. आई अंगणात मिरच्या निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "आम्ही लगीन झाल्यावर नावासकट बदललो. आम्हाला कोण गद्दार म्हटलं?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्युडोच्या पाठीवरच्या कापडावर वर आडनाव असतं आणि खाली देश. आडनाव बदललं की टाळ्या आणि अक्षता, देश बदलला की शिव्या.

आता दुसरी गोष्ट, मला जास्त आवडणारी. पॅरिस ऑलिंपिक, २९ जुलै २०२४, मुलींचा ५७ किलो गट, फायनल. एका बाजूला कॅनडाची क्रिस्टा देगुची, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरियाची हु मी-मी. गंमत अशी की दोघीही जपानमध्ये जन्मलेल्या आणि तिथंच ज्युडो शिकलेल्या. देगुचीची आई जपानी, वडील कॅनडाचे. ज्युनियर वयात ती जपानकडून खेळायची. ऑलिंपिकला एका वजनगटात एका देशाचा एकच खेळाडू जातो आणि जपानमध्ये एकेका गटाची रांग म्हणजे आपल्याकडं गणपतीत चाकरमान्यांच्या एसटीची रांग. २०१७ पासून ती कॅनडाकडून खेळायला लागली. २०१९ ला जगज्जेती झाली, कॅनडाची पहिली. पण कॅनडात तरी रांग चुकली का? नाही. त्याच गटात तिथं जेसिका क्लिमकेट निघाली, जिनं २०२१ चं जागतिक सुवर्ण मारलं आणि टोकियोचं तिकीट नेलं. देगुची घरी बसली. देश बदलूनसुद्धा पाच-सात वर्षं थांबायला लागलं. रांग चुकवायला गेली असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मी-मीची गोष्ट निराळी. ती जपानमधल्या कोरियन घराण्यातली, तिसऱ्या पिढीची. २०२१ मध्ये आजी वारली आणि जाताना म्हणाली की पोरीनं कोरियाकडून खेळावं. ही गेली. जपानी नागरिकत्वही सोडलं. पुढं कागदपत्रं काढताना कळलं की तिचे एक पूर्वज, हु सोक, जपानविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यातले. पॅरिसच्या आधी दोनच महिने तिनं देगुचीलाच हरवून जागतिक सुवर्ण घेतलं होतं. पॅरिसला गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे जादा वेळेत, मी-मीला तिसरा शिडो, म्हणजे दंड, मिळाला, खोटा हल्ला केला म्हणून, आणि तीन शिडो म्हणजे बाद. अशा शेवटानं कुणाचंच समाधान झालं नाही. मी टीव्हीसमोर बसून पंचाला बेळगावी भाषेत जे बोलायचं ते बोलून घेतलं. (मुलगी म्हणाली, मम्मी, तो फ्रान्समध्ये आहे.)

देगुचीचं ते कॅनडाचं ज्युडोतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. जपानी मातीतल्या दोन पोरी, एकीच्या पाठीवर कॅनडा, दुसरीच्या कोरिया, आणि स्वतः जपान त्या फायनलमध्ये नाही. जपानवाल्यांनी त्यांना काय म्हणायचं?

नियम नाहीत असंही नाही. एका देशाकडून खेळलं की दुसऱ्याकडून ऑलिंपिकला उतरायला तीन वर्षं थांबायचं, संबंधित संघटना राजी असल्या तरच ती मुदत कमी होते. मला हा नियम पटतो. ज्यांनी मॅट घातली, पोटाला घातलं, विमानाची तिकिटं काढली, त्यांचाही काही हक्क राहतोच. भारतात तर दुहेरी नागरिकत्वच नाही. भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. त्यामुळं आपल्याकडं हा प्रश्न देशाचा होत नाही, राज्याचा होतो. आणि राज्याचा झाला की बेळगावात तो फक्त खेळाचा राहत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सब-ज्युनियर नॅशनलला माझी सेमीफायनल पडली ती नेमकी महाराष्ट्राच्या मुलीशी. माझे सर कन्नड. मॅटबाहेरून ओरडत होते, "हिडी! बिडब्याड!" म्हणजे धर, सोडू नको. आणि समोरच्या मुलीचे सर मराठीतून एकेक डाव सांगत होते, जोरात, बिनधास्त. कर्नाटकच्या पोरीला काय कळतंय! "उजव्या पायावर भार आहे तिचा... थांब... आता आत घुस!" ती आत घुसली तेव्हा मी आधीच कंबर खाली घेऊन तयार. उलटा डाव बसला, युको, म्हणजे छोटा गुण. दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते सर माझ्याकडं संशयानं बघायला लागले.

संध्याकाळी मेसमध्ये ती मुलगी ताट घेऊन शेजारी बसली. "तू मराठी आहेस? मग यांच्याकडून कशी काय?" मी काय सांगणार? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरुवात करू, की सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगापासून? म्हटलं, आमचं गाव इकडं आहे. तिनं तिच्या ताटातली जिलेबी मला दिली. ती जिलेबी खाताना आपण फसवणूक केली असं वाटत होतं, खरं सांगते.

आणि ते कन्नड सर. माझ्याकडं स्वतःची गी, म्हणजे ज्युडोचा पोशाख, नव्हती, त्यांनी त्यांची जुनी, बाह्या कापून दिली. अण्णा कोण, कुठल्या फेरीत असतात, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. एकदाही विषय काढला नाही.

आता माझी मुलगी खेळते. कोल्हापूरचा मामेभाऊ गेला महिनाभर मागं लागलाय, "इकडं धाड की पोरगीला. मराठी पोरगी, महाराष्ट्राकडनं खेळू दे." इकडं सेंटरवरच्या एक पालक म्हणाल्या, एवढी वर्षं इथं शिकवलं आणि आता तिकडं नेणार काय हो? दोघांनाही माझं एकच उत्तर. तिला तिथं तिच्या वजनाच्या चार चांगल्या पोरी सरावाला मिळणार असतील तर ती जाईल. पाठीवरची अक्षरं बदलावीत म्हणून जाणार नाही, आणि बदलतील म्हणून थांबणारही नाही. सीमाप्रश्न माझ्यासाठी मिटलेला नाही. तो कोर्टात आहे आणि माझ्या मनातही आहे. पण तो चौदा वर्षांच्या पोरीनं ४४ किलो गटात सोडवावा अशी अपेक्षा मी करणार नाही.

तुरमुरीची मलप्रभा जाधव आठवते का? तुरमुरी म्हटलं की आपल्याला आधी शहराचा कचरा डेपो आठवतो, हे आपलंच दुर्दैव. मूळची ज्युडोची पोरगी, २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये ५२ किलो गटात ब्राँझ घेऊन आली. कुराश म्हणजे उझबेकिस्तानकडची जॅकेट घालून खेळायची कुस्ती, खाली पडल्यावर धरायचं नाही. तिनं तर खेळच बदलला. त्या दिवशी माझ्या फोनवर दोन्ही भाषांतून अभिनंदनाचे मेसेज येत होते. ज्युडो सोडला म्हणून तिला कुणी काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

रविवारी इथं जिल्ह्याची ट्रायल आहे. पोरगी सहाशे ग्रॅम जास्त भरतेय. रात्रीची भाकरी बंद केली आहे, आणि नेमकी आज आजीनं पुरणपोळी आणि कटाची आमटी केली आहे. तिची गी अण्णांनी धुऊन दोरीवर टाकली आहे. मी मुद्दाम जाऊन बघितलं. सुलटी आहे. पण तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही.