साहेबांना भरीत पार्टीला बोलावणे

आमच्या खान्देशात आमंत्रण प्रश्नार्थक नसतं. ‘भो, रविवारी मळ्यात भरीत हाये, येजो!’ की झालं. ‘पोट बरं नाही’ म्हणालात तर ‘ताक हाये ना’ हे उत्तर तयारच असतं. इंग्रजीची तऱ्हा वेगळी. तिथे पाहुण्याला आधी पळायची वाट दाखवायची आणि मग जेवायला बोलवायचं. त्यामुळे थंडी पडली, बामणोदकडची फिकट हिरवी वांगी बाजारात आली आणि बाहेरून बदलून आलेल्या साहेबांना बोलवायचं ठरलं, की जळगावातली भलीभली कारकून मंडळी मोबाइल हातात घेऊन घाम पुसत बसतात.

पहिला घात ‘डू यू लाइक’ करतो. ‘डू यू लाइक भरीत?’ ही नुसती आवडीची चौकशी झाली. साहेब ‘येस, आय डू’ म्हणतील आणि पुन्हा फायलीत डोकं घालतील. बोलवायचं तर ‘वुड यू लाइक टू कम?’ म्हणा. मित्राला ‘डू यू वॉन्ट टू कम?’ चालतं, साहेबांना ते जरा अंगावर येतं. ‘हाउ अबाउट’नंतर मात्र ‘टू कम’ लावू नका, तिथे ‘कमिंग’च लागतं. ‘लेट्स’मध्ये बोलणारा स्वतःही हलतो, म्हणून ‘लेट्स गो टू द फार्म’ बरोबर. ‘लेट्स कम टू माय हाउस’ म्हणालात, तर आपल्याच घरी पाहुणे म्हणून जायची वेळ यायची.

‘व्हाय डोन्ट यू जॉइन अस?’ हे ऐकायला जाब विचारल्यासारखं वाटतं, पण आहे प्रेमळ. त्याला ‘बिकॉज’ने सुरू होणारं उत्तर देऊ नये. तेच ‘व्हाय आर यू नॉट जॉइनिंग?’ केलंत, की खरंच जाब विचारल्यासारखं होतं. आणि जेवायला बोलावताना ‘वुड यू माइंड’च्या वाटेला तर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर ती विनंती, म्हणजे जेवून तुम्हीच आमच्यावर उपकार करा असा सूर. शिवाय उत्तर उलटं: ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणजे येतो, आणि ‘येस’ म्हणजे माझी हरकत आहे.

सगळ्यांत सभ्य वाक्य असं: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू वुड लाइक टू जॉइन अस फॉर भरीत ऑन संडे.’ भरीत येत्या रविवारी, पण क्रियापद भूतकाळी. बोलणं जितकं मागे सरकवावं तितकं ते नम्र, असा त्या भाषेचा हिशेब आहे. आमच्या आजीच्या पिढीने हे ऐकलं तर ‘जेवाले बोलावतोय की माफी मागतोय?’ असंच विचारतील. ‘यू मस्ट कम समटाइम’ हे याच्या उलट. भारी आग्रहाचं दिसतं, पण त्यात वार नाही, वेळ नाही. आपल्या ‘या कधीतरी घरी’चाच तो सख्खा भाऊ. त्यावर विसंबून वांगी आणू नयेत.

वांग्यांवरून आठवलं, खरी परीक्षा उत्तराची असते, कारण माणशी निदान पाव किलो वांगं धरायचं तर येणारी डोकी कळायला हवीत. ‘आय वुड लव्ह टू’ इथे साहेब थांबले तर वांगं टोपलीत टाका. ‘टू’नंतर स्वल्पविराम ऐकू आला तर थांबा, पुढे ‘बट’ येतोय. ‘आय विल ट्राय’ हे बहुतेक वेळा नाहीच. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजून झाली, मिरची-लसणासोबत ठेचली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळायला घेतल्या, की ‘सॉरी, कुड नॉट मेक इट’ असा निरोप येतो.

लग्नपत्रिकेवरच्या ‘आरएसव्हीपी’चंही तेच. मुळात ती फ्रेंच विनंती, ‘कृपया उत्तर द्यावे’ अशी. तिच्याआधी ‘प्लीज’ छापलं तर कृपया दोनदा होतं. आमच्याकडे उत्तर कुणी देत नाही, सगळे थेट पंगतीत भेटतात.

एक गोष्ट मात्र इंग्रजी पाहुण्याची मला फार आवडते. तो ‘मे आय ब्रिंग अ फ्रेंड?’ असं आधी विचारतो. आमचा पाहुणा चार जण घेऊन येतो आणि मळ्याच्या बांधावरूनच ओरडतो, ‘भो, वांगी वाढवा!’