जुना रेल्वे ट्रस पूल म्हणजे भंगार? नाही हो

अमेरिकेतल्या जुन्या रेल्वे ट्रस पुलांवर (ट्रस म्हणजे दांडे त्रिकोणात जोडून केलेला सांगाडा) एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की हे पूल अंदाजपंचे बांधलेले, वय झालं की पडणारच, दुरुस्ती होत नाही, आता उपयोगही नाही, तेव्हा भंगारात काढा. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अंदाजपंचे? अमेरिकन इंजिनिअर स्क्वायर व्हिपलने १८४७ मध्येच ट्रसच्या प्रत्येक दांड्यात किती जोर येतो ते गणिताने काढायची पद्धत पुस्तकात छापली होती. आणि पुस्तक राहू दे, पूल स्वतःच सांगतो. प्रॅट बापलेकांनी १८४४ ला पेटंट घेतलेल्या प्रकारचा लोखंडी पूल जवळून बघा, तिरके दांडे बारीक, चपटे, टोकाला भोक असलेले, कारण त्यांना नुसता ताण सोसायचाय, आणि उभे खांब जाडजूड, दोन चॅनेल, म्हणजे पन्हाळीसारखे लोखंडी दांडे, घेऊन मधे पट्ट्यांची जाळी रिवेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांनी, मारलेली, कारण त्यांच्यावर दाब येतो, बारीक असते तर बाक येऊन मोडले असते. हा अंदाज वाटतो का कुणाला?

वयाचं म्हणाल तर ओहायोतला अ‍ॅश्टाब्युलाचा पूल १८७६ मध्ये गाडीखाली कोसळला, सुमारे ९२ माणसं गेली, आणि तो पूल तेव्हा जेमतेम ११ वर्षांचा होता! तो हाऊ नावाच्या प्रकारचा ट्रस, मुळात लाकडी दांड्यांचा, इथे पूर्ण लोखंडात केलेला, त्यात सांध्यातल्या एका ओतीव तुकड्यात आतून खोट. म्हणजे वय नाही, बघायचे ते सांधे. खालच्या सांध्यात माती आणि कबुतरांची घाण साचते, ती ओल धरून ठेवते, आणि दोन प्लेटींच्या मधे गंज फुगत जाऊन त्या प्लेटी अक्षरशः फाकतात, वरून रंग मात्र ठीकठाक दिसतो.

दुरुस्ती होत नाही हे तर साफ चूक. दांड्यांच्या भोकांतून जाड पिन घालून जोडलेला पूल सुटा होतो. मेरीलँडमध्ये सॅव्हेजला असलेला बोलमन ट्रस १८६९ चा, तो १८८७ मध्ये दुसरीकडून उचलून तिथे आणून बसवला, आणि त्या प्रकारचा तेवढा एकच आज उरलाय. रिवेट लाल तापवून मारणारी माणसंही आहेत, कमी आहेत पण आहेत. हां, ताणाच्या दांड्याला तडा गेला असेल आणि भार घ्यायला शेजारी दुसरा दांडा नसेल तर तो धोका खराच, तिथे मी वाद घालणार नाही.

उपयोगाचं बोलायचं तर न्यूयॉर्क राज्यातला पकिप्सीचा हडसन नदीवरचा रेल्वे पूल बघा. १८८९ ला सुरू झाला, १९७४ ला आग लागून गाड्या बंद, ३५ वर्षं तसाच उभा. आगगाडीचा भार पेललेल्या त्याच सांगाड्यावर काँक्रीटचे स्लॅब टाकले आणि २००९ पासून लोक त्यावरून पायी नदी ओलांडतायत.